मोडी वाचणाऱ्या गुरुजींना, आमच्या मंडळीकडून

आदरणीय गुरुजी,

सादर सलाम.

तुमचं नाव कुठं छापायचं नाही, ही तुमची अट मी पाळते आहे. पण आभार मात्र चारचौघांत मानणार, हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं आणि तुम्ही ‘बरं, बघू’ म्हणत चहाचा कप पुढं सरकवला होता. मंगळवार पेठेत तुम्हाला ओळखणारे ओळखतीलच. बाकीच्यांना एवढं कळलं तरी पुष्कळ, की कोल्हापुरात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत, ते मोडी ही मराठीची जुनी लिपी वाचतात आणि त्यांच्यामुळे एका लहानशा ख्रिस्ती मंडळीला तिची स्वतःची माणसं सापडली.

आमच्याकडं वर्धापनदिनाच्या उपासनेत दरवर्षी इतिहास वाचला जातो. तो सुरू होतो रेव्हरंड रॉयल गूल्ड वाइल्डर यांच्यापासून. अमेरिकेतल्या व्हरमाँटचे हे गृहस्थ १८४६ साली अहमदनगरच्या मिशनात आले आणि १८५२ साली पत्नी एलायझा यांच्यासह कोल्हापुरात. शाळा काढायच्या, मुलांना शिकवायचं, यावर त्यांचा भर. पुढं त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डानं शाळांना आवर घालायचं ठरवलं, आणि वाइल्डर यांना ते पटलं नाही. मिशन शाळांची बाजू मांडणारं पुस्तकच त्यांनी १८६१ साली काढलं. काही वर्षं बोर्डाशिवाय, स्वतःच्या हिमतीवर काम चालवलं आणि १८७० साली ते प्रेस्बिटेरियन बोर्डाच्या हवाली केलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथंच कोल्हापुरात जन्मला. अमेरिकेत हजारो तरुणांना मिशनकामाकडं वळवणारी विद्यार्थी चळवळ उभी राहिली, तिच्यामागं हा कोल्हापूरचा मुलगा होता. मग १८७७ साली पन्हाळा आणि कोडोली इथं मिशनची ठाणी, पुढं मिरजेत डॉ. वानलेस यांचा दवाखाना. हे सगळं आम्हाला लहानपणापासून पाठ आहे आणि त्याचा अभिमानही आहे.

पण हा इतिहास ज्या अहवालांतून आला ते इंग्रजीत होते, परदेशी छापले गेले, तिथल्या ग्रंथालयांत जपले गेले. त्यांत आमच्या पणज्या-खापरपणज्या क्वचित येतात आणि आल्या तरी ‘एक नेटिव्ह बाई’, ‘एक मदतनीस’, ‘शेजारच्या गावचे दोन तरुण’ अशा येतात. पाळकांची नावं आहेत, डॉक्टरांची आहेत, त्यांच्या लहानपणीच गेलेल्या लेकरांचीही आहेत. पहिली शाळा ज्यांच्या पडवीत भरली त्या माणसाचं नाव नाही. मला हे फार लागायचं. माझी आजी सांगायची, आपली माणसं गावकुसाबाहेरची, त्यांचं कोण लिहून ठेवणार? त्यावर बोलायला माझ्याकडं काही नव्हतं.

लिहून ठेवलेलं होतं, गुरुजी. कपाटात होतं. मोडीत होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. आमच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात होते. ती जाड कापडी बांधणीची वही बाहेर काढली तेव्हा तिची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. तुम्हाला कुणीतरी फोन केला आणि तुम्ही पावसात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आलात. पहिलं वाक्य काय, तर ‘उन्हात ठेवू नका, आणि पान ओढून काढू नका.’ जुनी शाई काजळीची, डिंकात खललेली. ओली असताना बोट लागलं तर अक्षर बोटाला येतं, हे तुम्ही आम्हाला समजावून सांगितलंत. मग आम्ही पंख्याखाली, सावलीत, दोन पानांच्या मध्ये टीपकागद सरकवत बसलो. ओला कागद काढायचा, कोरडा घालायचा. तुम्ही मात्र कधी ‘झालं का’ असं विचारलं नाहीत. पान आपण होऊन सुटेल तेव्हाच सुटू दिलंत.

वाचायला बसलो तेव्हा मला वाटलं होतं, बाप्तिस्म्याची नोंदवही असेल. निघाली जमाखर्चाची. मी थोडी हिरमुसले, ते तुमच्या लक्षात आलं. ‘पोरी, माणूस हिशेबातच खरा दिसतो,’ असं म्हणून तुम्ही भिंग काढलंत. आधी आडवी रेघ ओढलेली, मग बोरू न उचलता सलग लिहीत गेलेलं. शब्द कुठं तुटतो कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तुम्ही बोट ठेवून चालत होता आणि मी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवत होते. दिवाबत्तीचं तेल. छपराला गवत. सुताराची मजुरी. चुना. शाळेच्या पाट्या. आणि जमेच्या बाजूला नावं, नुसती नावं! पैसे थोड्यांचे, बहुतेकांचं धान्य. रोजच्या दळणातून मूठभर बाजूला काढायचं आणि महिन्याअखेर मंडळीत आणायचं, ही रीत आमच्याकडं आजीच्या वेळेपर्यंत होती. ज्वारी इतके शेर, नाचणी इतकी, तांदूळ क्वचित.

त्यातल्या एका बाईंबद्दल लिहायलाच हवं. त्यांच्या घरची मंडळी आजही आमच्यात आहेत, म्हणून नाव इथं देत नाही. त्यांच्या नावापुढं दर महिन्याला अर्धी पायली ज्वारी. पान उलटलं की पुन्हा अर्धी पायली. मग काही महिने नावापुढं जागा कोरी. मी म्हटलं, गेल्या असतील. तुम्ही काही बोलला नाहीत, पुढं वाचत राहिलात, आणि आलं: त्याच बाई, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ज्वारी आणि बाजूला बारीक अक्षरात ‘मागील बाकीसह’. तुम्ही मागची पानं उलटून बोटांवर बेरीज केलीत. कोऱ्या राहिलेल्या प्रत्येक महिन्याची अर्धी पायली त्यात होती. कुणी मागितली नसणार, मूठभर दान ते, त्याची बाकी कसली? पण त्यांनी ती बाकी समजली. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, ‘ही तुमच्या मंडळीची खरी संस्थापक बघ.’ गुरुजी, यंदाच्या वर्धापनदिनाला वाइल्डर यांच्या नावाच्या आधी त्या बाईंचं नाव वाचलं गेलं. त्यांच्या पणतीची सून उठून उभी राहिली.

वही लिहिणाऱ्या हाताबद्दलही तुम्ही सांगितलंत. वळण सराईत, दफ्तरात मुरलेल्या माणसाचं. बहुधा मिशन शाळेचे पंतोजी, आणि ते ख्रिस्ती असतीलच असं नाही. त्या काळी मिशनच्या शाळांतून हिंदू पंतोजी शिकवायचे हे मी वाचलं होतं. पण आमच्या दिवाबत्तीचा हिशेब त्यांतल्या एकानं इतका चोख ठेवला असेल, हे मनात आलं नव्हतं.

तुमचा एक प्रश्न राहिला होता. तुम्ही विल्यम केरी यांचं नाव काढलं होतंत. हे इंग्रज बॅप्टिस्ट मिशनरी, बंगालमध्ये श्रीरामपूरला राहून, महाराष्ट्रात कधी न येता, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मराठी शिकले. १८०५ साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली कोश, तोही मोडी टाइपात. ‘म्हणजे मोडीचा आणि तुमचा संबंध जुनाच की,’ असं म्हणून तुम्ही विचारलंत, ‘मग तुम्ही केरींचेच का?’ तर नाही, आम्ही प्रेस्बिटेरियन वळणाचे. बॅप्टिस्ट मंडळीत माणूस जाणता झाला, त्यानं स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केला की मगच बाप्तिस्मा, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण बघते. आमच्यात तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात, कारभार पाळक आणि मंडळीनं निवडलेले वडीलजन मिळून बघतात, आणि त्यावर मंडळ्यांची मोठी सभा असते. म्हणूनच आमच्या नोंदवहीत बाळाच्या नावापुढं आईबापांचं नाव येतं. हे ऐकून तुम्ही खूश झालात, ‘मग तुमची माणसं रांगायच्या आधीच सापडतील!’ पुढं २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा बॅप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन या दोन्ही परंपरा त्यात आल्या आणि बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य झाल्या. केरींचे आणि वाइल्डरांचे असे बऱ्याच उशिरा एका छपराखाली आले.

मानधनाचा विषय काढला तेव्हा तुम्ही रागावलात. मग म्हणालात, द्यायचंच असेल तर तुमची पोरं माझ्याकडं पाठवा, मला मोडी सोबत घेऊन जायचं नाही. गुरुजी, आमच्या तरुण संघातली मुलं शनिवारी तुमच्या ओट्यावर बसतात, ते येताजाता मी बघते. त्यांच्यातली एक मुलगी परवा रविवारच्या शब्बाथ शाळेच्या फळ्यावर स्वतःचं नाव मोडीत लिहून गेली. तिनं तुमच्यासारखी आधी रेघ ओढली होती.

या वहीची बाळबोध प्रत आता तयार आहे. एक मंडळीच्या कपाटात राहील, वरच्या कप्प्यात. एक तुमच्यासाठी शिवून घेतली आहे. तिच्या पहिल्या पानावर वाचकाचं नाव लिहायची जागा मी कोरी ठेवली आहे. तिथं तरी तुमची अट सोडा, आणि मोडीतच लिहा.

दुसरी वही, शाळेच्या हजेरीची, बांधणी उसवलेली, अजून पाहिलेली नाही. टीपकागद आणून ठेवला आहे. तुमच्या गुडघ्याला बरं वाटलं की निरोप द्या, रिक्षा घेऊन मीच येते.

तुमची,
मंडळीच्या इतिहासाचं काम बघणारी मुलगी
कोल्हापूर