फायली आमच्या, कुलूप कंपनीचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, सत्कार-बित्कार झाले, छानच झालं, पण नव्वदीपासून पुढे जी मराठी कॉम्प्युटरवर टाइप झाली आणि आता उघडत नाही तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही म्हणून हे पत्र. मी डीटीपीवाला, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं तयार करणारा. स्मरणिका, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, अधूनमधून एखादा कवितासंग्रह. सगळं पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि मराठी फॉन्टचं पॅकेज रीतसर बिल घेऊन विकत घेतलेलं. त्याच्याबरोबर डाँगल यायचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचा ठोकळा, तो नसेल तर सॉफ्टवेअर सुरूच व्हायचं नाही. आता तसला पोर्ट असलेलं मशीन शोधून दाखवा! कंपनीला विचारलं (नाव घेत नाही, उगाच वाद नको) तर म्हणे जुन्या व्हर्जनचा सपोर्ट बंद, नवीन घ्या. आणि आमच्याच लाइनीत ज्यांनी तेव्हा क्रॅक मारलेली कॉपी वापरली त्यांचं आजही झकास चालू आहे. पावती जपणारा बसलाय बोंबलत.

बरं, डाँगलचं एक वेळ सोडा. खरी गोची फायलीत आहे. लोकांना वाटतं मराठीत टाइप केलं म्हणजे फायलीत मराठीच असणार, पण या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांच्या जागेवर देवनागरीचे तुकडे बसवलेले, काना एकीकडे, अर्धा स दुसरीकडे, रफार तिसरीकडे, आणि प्रत्येक कंपनीच्या जागा वेगळ्या. फॉन्ट काढला की आख्खा संपादकीय लेख डॉलर, कंस आणि डोक्यावर टिंबं असलेल्या युरोपियन अक्षरांत दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, नाही असं नाही, पण या फायलींत रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो आणि युनिकोडला (प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला कोड देणारी, आता सगळीकडे चालणारी पद्धत) तो आधी लागतो, त्यामुळे ‘कार्यालय’चं ‘कायार्लय’ आणि ‘सर्व’चं ‘सवर्’ होतं. सरकारी पीडीएफमधून मजकूर कॉपी केलेल्यांना हे ओळखीचं असेल. तीनशे पानांचं पुस्तक असं दुरुस्त करण्यापेक्षा पुन्हा टाइप केलेलं परवडतं.

हे टाळता आलं नसतं असंही नाही. भारतीय लिप्यांच्या कोडचं इस्की नावाचं मानक १९९१ चं, युनिकोडमध्ये देवनागरी आली तीही त्याच वर्षी, विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसकट मराठी होती. तरी वर्षानुवर्षं आपापले कोड चालू राहिले, कारण गिऱ्हाईक एकदा फॉन्टात अडकलं की जातंय कुठे? पेजमेकरचंही तेच, शेवटचं व्हर्जन ७, ते २००१ चं, त्याच्या फायली त्याच कंपनीच्या इनडिझाइनमध्ये सीएस६ व्हर्जनपर्यंत उघडायच्या, त्यानंतरच्या भाडेतत्त्वावरच्या व्हर्जनांत तीही सोय गेली.

तरुण मंडळी म्हणतील काका हे जुनं झालं. मग ई-बुकांचं बघा. ॲमेझॉनने २००९ मध्ये ऑर्वेलची पुस्तकं लोकांनी पैसे मोजून घेतलेली असताना त्यांच्या किंडलमधून (ॲमेझॉनचं ई-बुक वाचायचं यंत्र) परस्पर पुसली (पैसे परत केले, पण विचारलं कोणाला?). मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-बुकांचं दुकान बंद केलं, रिफंड दिला आणि घेतलेली पुस्तकं उघडायची थांबली. किंडलची पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये गेली. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ पासून आहेत, तेव्हा हे आपल्यालाही लागू आहे. बटणावर ‘खरेदी करा’ लिहायचं आणि द्यायचं फक्त वाचायचं लायसन्स, हे कॅलिफोर्नियात आता कायद्याने गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे?

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ कलम आलं, हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. लेखकाचे पैसे बुडू नयेत हे मान्यच, आमचंही पोट त्याच धंद्यावर आहे. पण लेखकाने दिलेला आणि मी टाइप केलेला मजकूर, त्याच्यावर फॉन्ट कंपनीचा कसला आलाय हक्क?

मागणी साधी आहे. ज्या कंपन्यांनी जुनी पॅकेजं बंद केली त्यांनी आपल्या फॉन्टचे कोड-तक्ते जाहीर करावेत आणि डाँगलशिवाय चालणारं शेवटचं व्हर्जन जुन्या गिऱ्हाइकांना फुकट द्यावं, नाही तरी ते आता विकत कोण घेणार आहे. राज्य सरकारने यात लक्ष घालावं, मराठी भाषा विभाग आहेच आणि सी-डॅक ही केंद्र सरकारची कॉम्प्युटर संशोधन संस्थाही पुण्यातच आहे. जरा लवकर हलले तर बरं, कारण आमच्याकडच्या जुन्या सीड्या आता एकेक करून वाचल्या जाईनाशा झाल्यात.

आपला,
एक डीटीपीवाला, पुणे