सही करायच्या आधी हे एकदा वाचा

प्रिय आई-बाबा,

फोनवर जमिनीचा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो आणि मग आई फोन हातात घेऊन "जेवलीस का" विचारते, म्हणून सरळ लिहूनच पाठवतेय. दादाला प्रिंट काढायला सांगा, मोबाईलवर डोळे ताणून वाचत बसू नका. विषय अलिबागकडच्या खारेपाटातली आपली जमीन विकायचाच आहे पण त्याआधी मला इथल्या एका गोल्फ क्लबबद्दल सांगायचंय. वैतागू नका बाबा, संबंध आहे.

आम्ही राहतो ते माऊंट प्लेझंट म्हणजे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात, चार्ल्सटनच्या नदीपलीकडचं गाव, आणि इथे स्नी फार्म नावाचा एक कंट्री क्लब आहे. प्रायव्हेट. मेंबर असाल किंवा मेंबरचे पाहुणे असाल तरच आत. आमच्या ऑफिसमधला एकजण मेंबर आहे, त्याने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मोठमोठे ओक, फांद्यांवरून लोंबणारं ते करडं शेवाळ, कापून सपाट केलेलं गवत, सगळं इतकं छान की आईने दोनशे फोटो काढले असते. आजूबाजूला बंगल्यांची कॉलनी, तीही त्याच जमिनीवर.

तर ही जमीन आधी 715 एकरचा मळा होती. 1754 मध्ये पिंकनी नावाच्या घराण्याने घेतली. भात, नीळ आणि राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम. मुलगा चार्ल्स पिंकनी पुढे मोठा माणूस झाला, 1787 साली अमेरिकेच्या राज्यघटनेवर सही करणाऱ्यांत आहे तो. सरकारी पदासाठी धर्माची अट नको हे त्यानेच मांडलं, आणि त्याच ऑगस्ट महिन्यात पळून गेलेला गुलाम मालकाला परत मिळायला हवा हे मांडणाऱ्या दोघांमध्येही तोच! एकाच डोक्यात दोन्ही कसं मावलं कोण जाणे. 1791 ला जॉर्ज वॉशिंग्टन इथे नाश्त्याला थांबला होता, ते इथले लोक अजून कौतुकाने सांगतात. मग 1817 मध्ये कर्जापायी पिंकनीला जमीन विकावी लागली, त्यानंतर ती फिरत फिरत बिल्डरांकडे आली. 715 मधले शेवटचे 28 एकरसुद्धा प्लॉट पाडून जाणार होते, तेव्हा गावातल्या काही लोकांनी वर्गणी काढून ते विकत घेतले आणि 1988 ला सरकारने राष्ट्रीय स्मारक केलं. क्लबपासून अगदी जवळ आहे, तिकीट नाही. तिथलं घर पिंकनीच्याही नंतरचं, 1828 च्या सुमाराचं आहे, पण आजूबाजूच्या जमिनीत खणल्यावर गुलामांच्या झोपड्यांच्या खुणा सापडल्या आणि त्यांच्या हातच्या मातीच्या भांड्यांचे तुकडे.

बाबा, तुम्हाला एक गोष्ट नक्की आवडेल. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीवर चालणारी भातशेती होती. नदीकाठी मातीचे लांबच लांब बांध आणि त्यात लाकडी झडपा, भरतीला नदीचं गोडं पाणी वर चढलं की आत घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. मी चित्र बघितलं आणि म्हटलं ही तर आपली उघाडी! फरक एवढाच की आपण खारं पाणी बाहेर ठेवायला बांधतो. हे ज्ञान मालकांकडे कुठून असणार, पश्चिम आफ्रिकेत पिढ्यानपिढ्या भात पिकवणारी माणसं धरून आणली होती, बरंचसं त्यांचं होतं ते. हे बांध घालायला किती माती उपसली असेल, आणि तीही मगरी-डासांच्या चिखलात उभं राहून. आई, भात पाखडायला ते गवताच्या गोल चपट्या टोपल्या विणायचे, काम आपल्या सुपाचंच. त्यांची पोरंबाळं, गल्ला म्हणतात त्या लोकांना, अजूनही इथे हायवे 17 च्या कडेला बसून त्या टोपल्या विकतात. महाग असतात, पण एकेक विणायला फार वेळ लागतो. आणि ज्या गवताच्या विणतात ते पूर्वी किनाऱ्यावर कुठेही मिळायचं, आता बरेचसे किनारे कॉलन्यांच्या गेटच्या आत गेलेत त्यामुळे गवत आणायचं कुठून हाच प्रश्न.

आता मुद्द्यावर येते.

गुलामी संपत आली तेव्हा, 1865 च्या जानेवारीत, जनरल शेर्मनने हुकूम काढला की या किनाऱ्याची जमीन सुटलेल्या गुलामांना द्यायची, घरटी जास्तीत जास्त 40 एकर. लोकांनी पेरणीसुद्धा केली. त्याच वर्षी प्रेसिडेंट जॉन्सनने हुकूम फिरवला आणि बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत गेली. हे वाचताना मला आपल्या आजोबांचं कूळकायद्यातलं 32 ग आठवलं. पणजोबा चरीच्या संपात होते, 1933 पासून वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवल्या पण खोताला नमले नाहीत, हे तुम्ही शंभर वेळा सांगितलंय. आपल्याला कूळकायद्याने मिळालेली जमीन टिकली. इथे ज्यांनी पुढे पैसे साठवून स्वतः विकत घेतली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची सुद्धा टिकली नाही, आणि का टिकली नाही तेच तुम्हाला सांगायचंय.

त्यांनी मृत्युपत्रं केली नाहीत. कोर्ट गोऱ्यांचं, वकील गोऱ्यांचे, विश्वास कोणावर ठेवायचा? म्हातारा गेला की जमीन सगळ्या मुलांची, मग सगळ्या नातवंडांची, कागदावर नाव मात्र पणजोबाचंच. कोणी न्यूयॉर्कला, कोणी शिकागोला, कोणाचा पत्ता नाही. मग बिल्डरचा माणूस लांबच्या एखाद्या चुलतभावाला गाठायचा, त्याचा छोटासा हिस्सा थोड्या पैशात घ्यायचा, आणि हिस्सेदार म्हणून कोर्टात जाऊन म्हणायचा वाटणी करा. एवढ्या लोकांत तुकडे करणं जमत नाही म्हणून कोर्ट अख्ख्या जमिनीचाच लिलाव काढायचं. घरच्यांकडे लिलावात बोली लावायला पैसे कुठले. इथून दोन तासांवर हिल्टन हेड नावाचं बेट आहे, 1956 मध्ये त्यावर जायला पूल झाला आणि मग गोल्फ कोर्सच गोल्फ कोर्स. बाबा तुम्ही टीव्हीवर कधी लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दीपगृहाशेजारचं गोल्फ बघितलं असेल ना, तेच ते. तिथे कॉलनीच्या आत, त्या गोल्फ कोर्सला लागून गल्ला लोकांचं जुनं कबरस्तान आहे. आपल्याच आजीच्या कबरीवर फुलं ठेवायला जायचं तरी आधी गेटवरून आत सोडायला हवं.

सगळ्याच जमिनी अशा गेल्या असं नाही, काहींनी चांगला भाव बघून राजीखुशीने पण विकल्या, त्यात चूक काही नाही. पण न विचारता गेलेल्या खूप. इतक्या, की 2016 मध्ये या राज्याने त्यासाठी कायदा केला: आता आधी सगळ्या वारसांना नोटीस, मग जमिनीची किंमत ठरवायची, आणि विकायला निघालेला हिस्सा घ्यायची पहिली संधी घरच्यांना. या कायद्याला क्लेमेंटा पिंकनी यांचं नाव आहे. आडनाव बघितलंत? हे पिंकनी काळे, राज्याचे सिनेटर आणि पाद्री, 2015 ला चार्ल्सटनच्या चर्चमध्ये बायबल वाचायला बसलेल्या नऊ जणांना एका गोऱ्या पोराने गोळ्या घातल्या त्यात हे गेले. मळेवाल्याचं आडनाव आणि त्यांचं आडनाव एकच, इथे अशी आडनावं पावलोपावली भेटतात.

आता आपला सातबारा काढून बघा. माझ्याकडे फोटो आहे. आजोबांचं नाव अजून तसंच आहे, मोठे काका जाऊन इतकी वर्षं झाली त्यांची वारसनोंद नाही, दोन आत्यांनी हक्कसोड दिलं म्हणता पण फेरफार मला दिसला नाही, आणि धाकट्या काकांची मुलं एक ठाण्यात एक दुबईत. अटल सेतू झाल्यापासून आपल्याकडे रोज एक एजंट येतोय, तो तुमच्या ओटीवर चहा पितो म्हणून तुम्हाला वाटतं सगळं तुमच्या हातात आहे, पण तो दुबईला फोन करत नसेल कशावरून?

मी विकू नका म्हणत नाहीये, हे नीट वाचा. तुमचे गुडघे, आईचं बीपी, भात लावायला माणूस मिळत नाही, मला सगळं माहितीये. विकायचीच तर विका. पण आधी तलाठ्याकडे जाऊन सगळ्यांच्या वारसनोंदी करून घ्या, मग तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली वाटप करून प्रत्येकाचा हिस्सा वेगळा करा, आणि जमीन 32 ग ची असल्यामुळे कूळकायद्याच्या कलम 43 ची विक्रीवरची काही अट शिल्लक आहे का ते अलिबागच्या वकिलांना विचारा, एजंटच्या वकिलाला नाही. तोपर्यंत विसार घ्यायचा नाही, कोऱ्या कागदावर सही नाही, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी तर अजिबात नाही. इथला कायदा वेगळा आपला वेगळा, पण एक हिस्सेदार फुटला की बाकीच्यांची काय फरफट होते ते दोन्हीकडे सारखंच.

आणि आत्यांना विचारा. खरंच विचारा, "सही कर गं" असं नाही. माझ्या वेळेला दादाने मला विचारावं असं मला वाटतं म्हणून सांगतेय, हिस्सा हवा म्हणून नाही, तो वाद आत्ता नको.

दुबईच्या फोनचं मी बघते, त्याचं नि माझं बरं आहे, शनिवारी बोलते त्याच्याशी. तुम्ही तेवढा 32 ग चा मूळ कागद शोधून ठेवा, कपाटात वरच्या खणात पिवळ्या फाईलमध्ये असेल, नसेल तर मोठ्या काकूंकडे विचारा. आई, बीपीची गोळी रात्रीची चुकवतेस असं दादा म्हणाला.

तुमची,
मनू

ता.क. एजंटने दिलेला मिठाईचा बॉक्स परत करायची गरज नाही, खाऊन टाका. बाबांनी नको, शुगर आहे.