माइकवर हात ठेवणाऱ्या जिभाऊंना

तीर्थस्वरूप जिभाऊ,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र पोस्टाने टाकलं असतं तर तुम्ही ते एकदा वाचून बंडीच्या खिशात ठेवलं असतं, आणि पुढच्या खेपेला बहिणीकडे आलात तरी विषय काढला नसता. म्हणून चारचौघांत लिहितेय. दुसरंही एक कारण आहे. गावात अजून बोलतात की अमळनेरच्या त्या एसटी कंडक्टरने बाईला ग्रामसभेत बोलायला चढवलं, नाहीतर तिची काय हिंमत. हे धादांत खोटं आहे आणि त्यात तुमच्याइतकाच माझाही अपमान आहे. तुम्ही मला चढवलं नाही, शिकवलंसुद्धा नाही. काय केलंत ते मला नीट लिहून ठेवायचंय.

आमचं गाव बोरीकाठचं. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. नदी नावाची, पाणी पावसाळ्यापुरतं. पाडळसे धरणाच्या गोष्टी मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. माझा मुलगा आता बारावीला आहे. मालक सुरतेला लूमवर, मी घरी शिवणकाम करते. आमच्या शेवटच्या गल्लीत आणि तिच्या पलीकडच्या भिल्ल वस्तीत उन्हाळ्यात नळ नवव्या-दहाव्या दिवशी यायचा. वरच्या आळीत तिसऱ्या दिवशी. सरकारने २०१९ साली सांगितलं की घराघरात नळ येणार, माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळणार. नळ आले, खोटं कशाला बोलू. नळासोबत फोटोही निघाले. मी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढंच विचारलं होतं की पाइप आला, तोटी आली, पाणी कोणत्या गल्लीत वळलं?

दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. संध्याकाळी दोघे दारात. पोस्ट टाकली म्हणून आयटी कायद्याचं कलम लागेल, आत जाशील, पोराच्या नोकरीचं बघ. मी घाबरले. सासूबाईंनी फोन काढून कपाटात ठेवला.

मग सुरू झाल्या माझ्या फेऱ्या. तालुक्याच्या एका कार्यालयात गेले, तर टेबलावरच्या साहेबांनी कागद न वाचता परत केला. म्हणाले, मालकांना पाठवा. मालक सुरतेला आहेत म्हटलं, तर म्हणाले, मग आल्यावर पाठवा. एक तरुण नेते होते, त्यांचं भाषण नेहमी फैजपूरच्या १९३६ च्या अधिवेशनापासून सुरू होतं. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या खानदेशात, मग साने गुरुजी, मग नंदुरबारचा शिरीषकुमार, आणि शेवटी हात जोडून मत. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझा कागद माझ्या हातातून घेतला आणि पाच-पन्नास लोकांसमोर स्वतःच वाचला, जणू त्यांच्याच घरचा नळ कोरडा होता. फोटो काढले, मला मागे उभं केलं. कागद परत मिळाला नाही. शिरीषकुमार पंधरा-सोळा वर्षांचा होता, १९४२ च्या सप्टेंबरात हातात तिरंगा घेऊन गोळ्या झेलल्या त्याने. त्याचं नाव घेणाऱ्याला माझा एक कागदही माझ्या हातात ठेवता येऊ नये, याचं मला आजही वाईट वाटतं. राग म्हटलं तरी चालेल.

तुमची बहीण आमच्याच गल्लीत दिलेली, म्हणून तुम्ही साऱ्या गल्लीचे पाहुणे. त्यांचं पोलकं घ्यायला आलात तेव्हा मी मशिनवर होते. कुठून विषय निघाला आठवत नाही. आयटीच्या कलमाचं सांगितल्यावर तुम्ही हसलात. "ते कलम ते कव्हयच मरी गयं." मग सांगितलंत की पालघरच्या दोन पोरींना २०१२ साली फेसबुकवर लिहिलं म्हणून धरलं होतं, त्यावरून श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सुप्रीम कोर्टात गेली आणि कोर्टाने २०१५ साली कलम ६६अ संविधानाच्या १९ व्या कलमात, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यात, बसत नाही म्हणून पूर्ण रद्द केलं. म्हणजे मला दारात उभं राहून ज्या कलमाची भीती घातली, ते दहा वर्षांपूर्वीच गेलेलं होतं! आम्ही मेलेल्या सापाला भिऊन घरात बसलो होतो.

तुमची ती जुनी कंडक्टरची चामडी बॅग मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. तिकिटांच्या जागी आता दहा-दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा केला, काय उत्तर आलं, ते इथे लिहीत बसत नाही. ज्याला पाहिजे त्याने घरी यावं, मी दाखवते. पण एक सांगते. अर्ज तुम्ही लिहून दिला नाहीत. मी चुका करत लिहिला आणि तुम्ही समोर बसून शेंगा खात होता.

आता १ मे.

आदल्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लग्नानंतर पहिल्यांदा मी आखाजीला माहेरी गेले नाही. आई फोनवर रडली, झोका तसाच बांधलेला आहे म्हणाली. मी म्हटलं, उद्या ग्रामसभा आहे. ती म्हणाली, ग्रामसभा म्हणजे काय लग्न आहे का कोणाचं?

तिचंही चुकलं नाही. आमच्याकडे ग्रामसभा म्हणजे शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार फिरतो आणि बाया पिठाच्या हाताने सह्या करतात, हेच आम्ही पाहिलेलं. महिलांची सभा त्याआधी वेगळी घ्यायची असते, ती तर रजिस्टरच्या एका पानात उरकायची. मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, जे कमी असेल तेवढी, लागतात. जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग सात जण चहा पितात आणि गावाचा ठराव होतो. सव्वीस जानेवारीला तसंच झालं होतं. या वेळी मात्र शेवटची गल्ली आणि भिल्ल वस्ती मिळून आम्ही बायाच साठच्या वर होतो. मारुतीच्या पारासमोर कुणाच्या तरी लग्नाचा मांडव अजून उभा होता, त्याच्याच सावलीत बसलो.

सरपंच आमच्याकडे बाई आहेत. पाटीवर नाव त्यांचं, माइक त्यांच्या मालकांच्या, भाऊंच्या हातात.

माझं नाव पुकारलं तेव्हा माइकचा स्टँड नव्हता. डीजेवाल्याचा माइक, डोक्यावरची जाळी चेपलेली. कागद दोन्ही हातांनी धरला तरी थरथरत होता, माइक धरायला तिसरा हात कुठून आणू? तेवढ्यात तुम्ही मागून उठून आलात. भाऊ ओरडले, हे गावचे मतदार नाहीत, बाहेरच्यांना इथे बोलायचा अधिकार नाही. बरोबरच होतं त्यांचं. तुम्हीही मान हलवलीत. "मी काय बोली ऱ्हायनू का? धरी ऱ्हायनू फक्त." आणि माइक माझ्या तोंडासमोर धरून उभे राहिलात.

पहिल्या चार ओळी मी बऱ्या वाचल्या. कोणत्या गल्लीत व्हॉल्व्ह किती वेळ उघडतात, टाकीवरच्या रजिस्टरमध्ये काय लिहिलंय. मग मागून कोणीतरी बोललं, बठी जाय व खाले, नवरा सुरतले आनी बाई आठे मिरवस. हशा पिकला. मालक तिथेच होते, आखाजीला आलेले. त्यांनी खाली पाहिलं. आणि माझा गळा एकदम भरून आला. आता हुंदका निघणार आणि तो चारी कर्ण्यांतून साऱ्या गावाला ऐकू जाणार, एवढंच मला कळत होतं. त्यानंतर मी काहीही बोलले असते तरी गावाने एवढंच लक्षात ठेवलं असतं की बाई रडली.

तुम्ही माइकवर हात ठेवला.

एवढंच. दुसऱ्या हाताचा तळवा त्या चेपलेल्या जाळीवर. कर्ण्यात धप्प झालं आणि शांत. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही, कडुलिंबाकडे पाहत राहिलात, जशी एसटी फाट्यावर थांबलीय आणि एक प्रवासी यायचा राहिलाय. घाबरू नको म्हणाला नाहीत. डोक्यावरून हात फिरवला नाहीत. भाऊंनी माइक मागितला तर तो दिला नाहीत आणि त्यांना उत्तरही दिलं नाहीत. मला तुमच्या अंगठ्याच्या बुडाशी तिकिटाच्या पंचाने पडलेला घट्टा दिसत होता. मी त्या घट्ट्याकडे बघत काय रडायचं ते रडून घेतलं, पदराने नाक पुसलं. जाऊबाई म्हणतात अर्धं मिनिट झालं असेल. मग मी मान हलवली आणि तुम्ही हात काढला.

पुढे मी सगळं वाचलं. आवाज चिरका होता, पण माझा होता. भिल्ल वस्तीतल्या दोन बाया माझ्यानंतर उठल्या आणि कागदाशिवाय बोलल्या. त्यांच्यासाठीही तुम्ही माइक तसाच धरून उभे. तुमचा उजवा खांदा वर्षभरापासून उचलत नाही, रात्री त्यावर झोपता येत नाही, हे तुमच्या बहिणीने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. हात बदललासुद्धा नाहीत हो!

माझा प्रश्न इतिवृत्तात नोंदला गेला. सरपंच बाईंनी तेव्हा पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि सही करायच्या आधी ते पान वाचलं. खरंच वाचलं, मी बघत होते.

त्या रात्री तुमच्या बहिणीच्या ओट्यावर कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. मी विचारलं, जिभाऊ, मी गावाच्या विरोधात गेले का? सगळे तसंच म्हणताहेत. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत सांगितलंत की १९४८ च्या नोव्हेंबरात संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्यांबद्दल फार कडक बोललं होतं, आणि मसुद्यात गावाऐवजी व्यक्तीला एकक धरलं याचं समाधान व्यक्त केलं होतं. पुष्कळ सभासद रागावले. पुढे पंचायतींसाठी ४० वं कलम आलं, खूप पुढे ७३ वी घटनादुरुस्ती होऊन १९९३ पासून ग्रामसभेला संविधानातच जागा मिळाली. पण हक्क राहिला तो एकेका माणसाचा. "गाव नही मतदान करत व माय, मानूस करस." गाव म्हणतंय असं कोणी म्हणालं की आता मी विचारते, कोण म्हणतंय, नाव सांगा. लोक चिडतात.

दर वर्षी ३१ जुलैला तुम्ही धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जाता, १९३७ साली बाबासाहेब तिथे राहून गेले म्हणून, हेही मला बहिणीकडूनच कळलं. तुम्ही स्वतःबद्दल कधी काही सांगतच नाही. तरी एसटीतली तुमची एक गोष्ट मला ठाऊक आहे. सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटामागे रक्कम लिहून देतो आणि उतरायच्या गडबडीत निम्मे लोक विसरतात. तुम्ही दारात उभे राहून एकेकाला हाक मारून पैसे परत द्यायचात, म्हणून तुमची गाडी फाट्यावर जास्त थांबायची आणि ड्रायव्हर वैतागायचा. माझे सासरे सांगायचे. अशी माणसं डेपोत, शाळेत, दवाखान्यात कुठे ना कुठे असतात, आणि आमच्यासारख्यांचं बरंचसं आयुष्य त्यांच्यावरच चालतं. त्यांच्यावर कोणी भाषण करत नाही, हे बरंच आहे म्हणा. भाषण केलं की माणूस बिघडतो.

पाण्याचं म्हणाल तर पूर्ण सुटलेलं नाही. उन्हाळा संपेपर्यंत आम्हाला पाचव्या दिवशी येत होतं. वस्तीत प्रेशर कमी, तिथे अजून हंडे डोक्यावरच. ग्रुपमध्ये मला परत घेतलेलं नाही आणि मी मागितलंही नाही. मालक सुरतेला परत जाताना बसस्टँडवर म्हणाले, मी त्या दिवशी खाली पाहायला नको होतं. त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

१५ ऑगस्टला पुन्हा सभा आहे. खांद्याला तेल लावून घ्या, डॉक्टरांकडेही जा, बहिणीला काळजी वाटते. या खेपेला तुम्हाला धरायला लागणार नाही. ग्रामपंचायतीने माइकचा नवा स्टँड आणलाय. मी त्याची पावती मागितली आहे.

तुमची,
शेवटच्या गल्लीतली शिवणकामवाली