अश्रुधुराच्या नळकांड्याची कागदपत्रं

द हेग

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

ज्या देशात अश्रुधुराचा एकही कारखाना नाही, तिथल्या पोलिसांकडे तो खोक्यांनी कसा येतो, आणि पाठवणाऱ्याला कुणी जाब का विचारत नाही, असं तू विचारलंस. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला यावर प्रबंध लिहायचा तर वर्तमानपत्रातल्या बातम्यांवर भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. या मालाला कायदा नाही असं अजिबात नाही. पण एकाच खोक्यातल्या वस्तू इतक्या निरनिराळ्या कायद्यांत विखुरल्या आहेत की अख्खं खोकं कुणाच्याच टेबलावर येत नाही.

सुरुवात रसायनापासून कर. सर्वात जास्त विकला जाणारा प्रकार म्हणजे सीएस. १९२८ मध्ये अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजात कॉर्सन आणि स्टॉटन या दोघांनी तो तयार केला आणि त्यांच्या आडनावांची आद्याक्षरं त्याला चिकटली. आपण त्याला वायू म्हणतो, पण साध्या तापमानाला ती पांढरी पूड असते. नळकांड्यातलं जळणारं मिश्रण तिची वाफ करतं, आणि ती वाफ बाहेर आल्यावर थंड होऊन अतिसूक्ष्म कणांच्या रूपात हवेत तरंगते. त्यामुळेच ती कपड्यांवर, भिंतींवर, गाद्यांवर बसते आणि झाडू मारला की पुन्हा उडते. आता व्यापाराच्या बाजूने बघ. पूड हे रसायन झालं, ती भरलेलं काडतूस हा दारूगोळा झाला, ते डागणारी नळी हे हत्यार झालं. खेप एक, पण खाती तीन.

रसायनाचं खातं इथे हेगमध्येच आहे. रासायनिक शस्त्रबंदी करार २९ एप्रिल १९९७ पासून लागू आहे. त्याच्या पहिल्या कलमात दंगल नियंत्रणाची रसायनं युद्धात वापरायला मनाई आहे. दुसऱ्या कलमात देशांतर्गत कायदा-सुव्यवस्थेसाठी मुभा आहे. म्हणजे शत्रूच्या सैनिकावर जे चालत नाही ते स्वतःच्या नागरिकावर चालतं. हे ऐकून लोक चिडतात, आणि त्यांचं काही चुकत नाही, पण त्यामागचं कारण प्रबंधात लिही: रणांगणावर लांबून येणारा ढग अश्रुधुराचा की विषारी वायूचा, हे समोरच्याला कळत नाही, आणि तो भलत्याच अस्त्राने उत्तर देऊ शकतो. खरी मेख तिसऱ्या कलमात आहे. प्रत्येक देशाने आपल्याकडे असलेल्या अशा रसायनांचं नाव, रचनासूत्र आणि सीएएस नोंदणी क्रमांक (प्रत्येक रसायनाला मिळणारा ओळख क्रमांक) जाहीर करायचा. साठा किती, कुणाकडून घेतला, कुणाला विकला, यातलं काही सांगायचं बंधन नाही. खरेदी-विक्रीची माहिती तिथे शोधत बसू नकोस, मिळणार नाही.

दारूगोळ्याचं खातं म्हणजे शस्त्रव्यापार करार. २ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत १५४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला, २३ देश तटस्थ राहिले, त्यात भारतही होता. २४ डिसेंबर २०१४ पासून तो लागू आहे. त्यात आठ प्रकार येतात: रणगाड्यांपासून क्षेपणास्त्रांपर्यंत सात, आणि आठवा लहान व हलक्या शस्त्रांचा. अश्रुधूर, मिरचीचा फवारा, पाण्याचे फवारे मारणाऱ्या गाड्या यांचा उल्लेख नाही. १२ बोअरच्या बंदुकीतून उडणारी रबरी गोळी ओढूनताणून आठव्या प्रकाराच्या दारूगोळ्यात बसवता येईल, असा युक्तिवाद होऊ शकतो, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस.

उरतात त्या त्या देशाच्या निर्यात याद्या. वासेनार व्यवस्था म्हणजे शस्त्रनिर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांचा १९९६ चा गट. तिच्या शस्त्रयादीत सातव्या क्रमांकाच्या गटात ही रसायनं आहेत, पण ती व्यवस्था ऐच्छिक आहे. परवाना द्यायचा की नाही हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. भारत डिसेंबर २०१७ मध्ये तिचा सदस्य झाला. आपल्याकडे ही रसायनं स्कोमेट, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या भारतीय यादीच्या सहाव्या प्रवर्गात येतात आणि परवाना संरक्षण उत्पादन विभाग देतो. भारताला फक्त गिऱ्हाईक समजू नकोस. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचा टीअर स्मोक युनिट हा स्वतःचा कारखाना आहे.

अमेरिकेतली विभागणी तर मुद्दाम वाचण्यासारखी आहे. सीएसचं प्रमाण एक टक्का किंवा त्याहून कमी असेल तर माल वाणिज्य खात्याच्या यादीत जातो, आणि वीस ग्रॅमपर्यंतचा सुटा डबा असेल तर त्या नोंदीतूनही सुटतो. पाण्याच्या फवाऱ्यांच्या यंत्रणेसाठी वेगळी नोंद ऑक्टोबर २०२० मध्ये झाली. युरोपीय संघात सीएस लष्करी यादीत, पण मिरचीचं अर्क-द्रव्य छळविरोधी नियमावलीत. ही नियमावली मुळात २००५ ची, सध्याची आवृत्ती २०१९/१२५ क्रमांकाची. विजेचा धक्का देणारे पट्टे आणि खिळे असलेले दंडुके यांसारख्या वस्तूंवर तिच्यात सरसकट बंदी आहे. युरोपातल्या प्रदर्शनात त्या मांडताही येत नाहीत. माझ्या मते जगात सध्या यापेक्षा नेटका कायदा नाही, पण तो संघाच्या सीमेपुरता.

कस्टम्सच्या आकड्यांवर विसंबून काही सिद्ध करायला जाशील तर फसशील. कस्टम्सच्या वस्तू-वर्गीकरणात अश्रुधुराची काडतुसं ९३०६ या शीर्षकाखाली येतात, आणि त्यातच बॉम्ब, सुरुंग आणि साधी काडतुसंही असतात. दंडुके आणि गॅसची पिस्तुलं ९३०४ मध्ये, हवेच्या बंदुकांच्या शेजारी. पाण्याच्या फवाऱ्याची गाडी ८७०५ मध्ये, क्रेन आणि अग्निशामक बंबांबरोबर. पोलिसांचं हेल्मेट ६५०६ मध्ये, बांधकामावरच्या हेल्मेटबरोबर. अमुक देशाने तमुक देशाला इतक्या रकमेचा अश्रुधूर पाठवला, असं वाक्य केवळ या आकड्यांवरून लिहिलेलं दिसलं तर त्यावर लाल खूण कर.

आता परवान्याचा कागद. त्याचा कणा म्हणजे अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र. त्यात पाठवणारा, घेणारा, प्रत्यक्ष वापरणारा, वस्तूचं वर्णन, नग, वापराचा हेतू, लेखी परवानगीशिवाय पुढे न विकण्याची हमी आणि सही-शिक्का असतो. कागद छान दिसतो. बिघडतं ते असं: वापरकर्त्याच्या रकान्यात 'गृह मंत्रालय' एवढंच लिहिलेलं असतं, आणि मंत्रालयाच्या हाताखाली वाहतूक पोलिसांपासून निमलष्करी दलापर्यंत सगळे येतात. हेतूच्या रकान्यात 'कायदा-सुव्यवस्था', म्हणजे काहीही. मधला दलाल तिसऱ्याच देशात नोंदलेला असतो, तिथे दलालीला परवानाच लागत नाही. आणि माल पोचल्यावर तो कुठे गेला हे बघायला क्वचितच कुणी जातं. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचं काम जहाज सुटलं की संपतं.

नगांचा रकाना मात्र प्रामाणिक असतो, म्हणून तो आधी वाच. ऑक्टोबर २०१३ मध्ये बहारीनच्या एका निविदेचा कागद बाहेर फुटला. मागणी होती अश्रुधुराच्या १६ लाख नळकांड्यांची, शिवाय ९० हजार हातगोळे आणि १ लाख ४५ हजार आवाजी गोळे. त्या वेळी देशाची लोकसंख्या, परदेशी मजूर धरून, साधारण १३ लाख. माणशी एकाहून जास्त नळकांडी. मोहीम चालवणाऱ्यांनी पुरवठादार दक्षिण कोरियात आहेत हे हेरून तिथल्या परवाना देणाऱ्या संस्थेवर दबाव आणला, आणि जानेवारी २०१४ मध्ये त्या संस्थेने निर्यात थांबवली. इथे कुठला आंतरराष्ट्रीय करार कामी आला नाही. एका देशाच्या खात्याला वेळेवर कागद दाखवला गेला, एवढंच.

उलट उदाहरण हाँगकाँगचं. जून २०१९ मध्ये ब्रिटनने जमाव-नियंत्रणाच्या सामानाचे नवे परवाने थांबवले, नोव्हेंबरात अमेरिकेने तर कायदाच केला. पण आधी पोचलेला साठा कायद्याने परत येत नाही. त्या वर्षी पोलिसांनी १६ हजारांहून जास्त अश्रुधुराचे राउंड डागले, आणि पुढे चिनी बनावटीचा माल वापरात आला. बंदी वेळेवर आणि एकत्र घातली नाही तर फक्त गिऱ्हाईक दुकान बदलतं.

आणखी एक गोष्ट कागदावर दिसत नाही: वजन. पोलिसी वापराचं अश्रुधुराचं नळकांडं साधारण २५ ते ५० ग्रॅम असतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये बगदादच्या तहरीर चौकाच्या परिसरात जी ४० मिलिमीटरची नळकांडी सापडली, ती सर्बियन आणि इराणी बनावटीची, लष्करी धाटणीची होती. वजन २२० ते २५० ग्रॅम. वेग तोच धरला तर आघाताची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, म्हणजे साधारण साडेचार ते दहा पट. त्यात ती लोकांच्या रोखाने सरळ डागली गेली. कवटीत घुसलेल्या नळकांड्यांचे एक्स-रे तेव्हा डॉक्टरांकडे जमले. परवान्याच्या अर्जात दोन्ही वस्तूंचं वर्णन एकच असू शकतं: '४० मिमी, सीएस'. म्हणून अर्जाच्या नमुन्यात वजन आणि नळीच्या तोंडापाशी असलेला वेग हे दोन रकाने सक्तीचे हवेत, असं माझं जुनं म्हणणं आहे.

गोळ्यांचंही तसंच. 'रबरी' हा कारखानदाराचा शब्द झाला. २०१९ मध्ये चिलीत शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाल्यावर चिली विद्यापीठाने जखमींच्या अंगातून काढलेले छर्रे तपासले: २० टक्के रबर, उरलेल्या ८० टक्क्यांत सिलिका, बेरियम सल्फेट आणि शिसं. २०१७ मध्ये बीएमजे ओपन या नियतकालिकात अशा गोळ्यांच्या इजांवरचा आढावा आला. त्यात १,९८४ जखमींची नोंद आहे. त्यातले ५३ दगावले, ३०० जणांना कायमचं अपंगत्व आलं. 'प्राणघातक नसलेली शस्त्रं' या जाहिरातीपुढे हे दोन आकडे ठेव.

पुंगळीवरून माग कसा काढायचा ते आता. सापडलेली वस्तू उघड्या हाताने उचलायची नाही. पूड अंगाला लागते आणि न फुटलेलं नळकांडं कधीही पेटू शकतं. आहे तिथेच मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढायचे: चारी बाजूंनी आणि बुडाचा वेगळा. बुडावर ठसा असतो, अंगावर मॉडेल क्रमांक, लॉट क्रमांक, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि वापराची मुदत. व्यास नक्की मोज, कारण ३७, ३८, ४० आणि फ्रेंच बनावटीचा ५६ मिलिमीटर यांतूनच पुरवठादारांची यादी अर्ध्यावर येते. लॉट क्रमांक सर्वात मोलाचा. दोन शहरांत एकाच लॉटच्या पुंगळ्या सापडल्या तर खेप एकच असण्याची शक्यता मोठी. उत्पादनाची तारीख निर्यातबंदीच्या नंतरची निघाली तर तुझ्या हातात बातमी आहे. मुदत संपलेल्या मालाबद्दल मात्र तोलून लिही. तो जास्त विषारी होतो असं सर्रास बोललं जातं. ठोस धोका यांत्रिक आहे. जुनं मिश्रण ओल धरतं, उशिरा पेटतं किंवा पेटतच नाही, आणि नळकांडं अपेक्षेपेक्षा जवळ किंवा भलतीकडे पडतं.

वापराचे निकष हवे असतील तर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाची २०२० ची मार्गदर्शिका वाच: धातूचे छर्रे कधीही नाहीत, बंदिस्त जागेत अश्रुधूर नाही, नळकांडं माणसाच्या अंगावर रोखायचं नाही. व्यापाराच्या बाजूने छळाच्या साधनांच्या व्यापाराविषयीचा २८ जून २०१९ चा महासभेचा ठराव ७३/३०४ आणि त्यानंतर छळविषयक विशेष प्रतिवेदक अ‍ॅलिस एडवर्ड्स यांचा ऑक्टोबर २०२३ चा अहवाल. त्याला बंदी घालायच्या आणि नियंत्रणात ठेवायच्या वस्तूंच्या याद्या जोडल्या आहेत. नव्या कराराची चर्चा त्याच याद्यांभोवती फिरेल. करार अजून झालेला नाही.

आकडे गोळा करायला बसशील तेव्हा दोन खबरदाऱ्या घे. स्टॉकहोमच्या सिप्री या शांतता-संशोधन संस्थेचा शस्त्र-हस्तांतरणाचा प्रसिद्ध माहितीसंच मोठ्या शस्त्रांपुरता आहे, त्यात हा माल नसतो. आणि युरोपीय संघाच्या वार्षिक शस्त्रनिर्यात अहवालात सातव्या गटापुढे घसघशीत रक्कम दिसली म्हणून लगेच अश्रुधूर समजू नकोस. गॅस मास्क आणि रसायन-शोधक यंत्रंही त्याच गटात मोजतात. शंका आली तर ज्या देशाने परवाना दिला त्याचा स्वतःचा तपशीलवार अहवाल काढ. ब्रिटनचा तिमाही निघतो, आणि त्यात वस्तूंची वर्णनं असतात. प्रबंधाचा आराखडा झाला की पाठव, रकान्यांची तपासणी मी करून देईन.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी