घर बदललंय, आधी पूर्ण वाचा

ओमे, टोकियो
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

तीन रविवार फोनवर सांगायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा गाडी बाबांच्या शुगरवर नाहीतर गच्चीच्या गळतीवर गेली. म्हणून लिहिते. मी घर बदललं. बदलणार आहे असं नाही, बदललं. सामान येऊन दोन आठवडे झाले.

निशी-कासाई सोडलं म्हटल्यावर, आई, तुझ्या मनात काय येणार ते मला माहितेय. तूरडाळीचं दुकान, गणपतीला हाक मारणारी मराठी माणसं, ते सगळं टाकून पोरगी डोंगरात गेली. डोंगरात नाही गं, पायथ्याशी. पत्ता अजून टोकियोचाच आहे, फक्त पश्चिमेच्या टोकाचा. ऑफिसला आठवड्यातून दोनच दिवस जायचं असतं, गाडी इथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. भाडं कमी, खोली एक जास्त. ती तुमची. हे सगळं खरंच आहे, पण हे कारण नाही. कारण सायकल आहे.

निशी-कासाईहून डोंगर गाठायचा तर पहाटे उठून सायकलची चाकं काढायची, सगळी पिशवीत कोंबायची (पिशवीत पूर्ण झाकल्याशिवाय रेल्वेत घेत नाहीत) आणि ते बोचकं जिन्यांवरून वाहायचं. आता दारातून निघाले की थोड्याच वेळात घरं विरळ होतात, खाली तामा नदी, वर उंच सरळ झाडांचं रान. त्या झाडाला इथे ‘सुगी’ म्हणतात. आई, आपली सुगी नव्हे. वसंतात याच्या परागांनी अख्खं टोकियो शिंकत असतं.

गेल्या शनिवारी ओकुतामा तलावापर्यंत गेले. तीसेक किलोमीटर चढ आणि मध्ये बोगदेच बोगदे. मागचा लाल दिवा दिवसाही चालू असतो माझा, काळजी नको. तो तलाव म्हणजे धरण आहे, ओगोची धरण. १९३८ साली काम सुरू झालं, युद्धात थांबलं, १९५७ ला पुरं झालं. टोकियोच्या नळाला पाणी यावं म्हणून ९४५ कुटुंबं उठवली. भिंतीवर उभी राहून हिरवंगार पाणी बघत होते आणि आजी आठवली. उन्हाळ्यात कोयना धरणाचा शिवसागर उतरला की देवळाचा कळस दिसतो का म्हणून डोळ्यांवर हात धरून बघत बसायची. मी तिला विचारायचे, ‘आजी, आपल्या घरात आता मासे राहतात का?’ ती हसायची, रडायची नाही. आता वाटतं, मी ते विचारायला नको होतं. धरणावर बसून डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. हो, पोळी. मीच लाटलेली, गोल नव्हती.

आता एक सांगते, ओरडू नका. उतरताना एका वळणावर ओल्या पानांवरून चाक घसरलं. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. हेल्मेट होतं. मागून येणाऱ्या एका आजोबांनी, बाबांपेक्षाही मोठे असतील, थांबून जखम धुऊन दिली आणि मग माझ्यापुढे सुसाट निघून गेले. अस्वलांच्या बातम्या तू पाहिल्या असशीलच. जास्त करून उत्तरेकडच्या आहेत. या डोंगरातही आहेत, खोटं कशाला बोलू. पण मी डांबरी रस्ता सोडत नाही, सायकलला घंटी बांधलीय आणि अंधाराआधी घरी असते.

घर गरम आहे. बटण दाबलं की न्हाणीतला टब आपोआप भरतो आणि भरल्यावर एक बाई गोड आवाजात तसं सांगतेही. कोपऱ्यावर एका शेतकऱ्याची फळी आहे. दुकानदार नाही, नुसता डबा. शंभर येन टाकायचे आणि पाल्यासकट मुळा उचलायचा. तुझ्यासारखी पाल्याची भाजी केली, डाळ मात्र जास्त शिजली. हे गाव उमेचं, म्हणजे कैरीसारखं आंबट फळ, मिठात मुरवतात. रोग पडला म्हणून २०१४ मध्ये इथल्या प्रसिद्ध बागेतली झाडं सरसकट तोडावी लागली. २०१६ पासून नवी लावताहेत. फेब्रुवारीअखेर फुलतील, तेव्हा या. तिकिटांचं मी बघते. थंडीचं कारण सांगू नका.

बाबा, तुमच्यापासून लांब जायला म्हणून नाही गेले. साताऱ्यापासून जेवढी लांब होते तेवढीच आहे. यवतेश्वरच्या घाटात तुम्ही मला पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून बसवायचात आणि चढावर उतरून ढकलायचात. तुमचा धापा टाकलेला श्वास माझ्या टाळूवर लागायचा. इथे चढ लागला की अजून पाठीमागे कोणीतरी आहे असं वाटतं.

बरं. शुगरची ती एचबीए१सी तपासणी परत करून घ्या, मला रिपोर्टचा फोटो पाठवा, ‘ठीक आहे’ असा मेसेज नको. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणला नव्हता. गच्चीवर पावसाळी पाय घसरेल अशी चप्पल घालू नकोस. दादाला यातलं कोपराचं सांगू नका.

रविवारी तुमच्या अकराला फोन करते. आणि बाबा, जिन्याखालची सायकल भंगारवाल्याला द्यायची नाही. टायर-ट्यूब मी आले की बदलू.

तुमची,
छकुली