घरी शिकणाऱ्या नातवाला रकाना नाही

महोदय,

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाची बातमी आपल्या अंकात वाचली. आमच्या कोपरखैरण्यातही गेल्या आठवड्यात एक शिक्षिका भर उन्हात तक्ता घेऊन दारी आल्या. माझा १२ वर्षांचा नातू तेव्हा सहा माणसांच्या पोळ्यांची कणीक फुलपात्राने मोजत होता. बाईंनी विचारलं, "मुलगा कामाला जातो का?" मी म्हटलं, "नाही हो, त्याचा गणिताचा तास चाललाय." बाई चांगल्या, चहा घेतला, हसल्याही. पण तक्त्यात आमच्यासाठी रकाना सापडेना. शेवटी त्यांनी 'गळती'पुढे खूण केली.

तो गळलेला नाही, आम्हीच त्याचा दाखला काढला. 'घ' की 'ध', 'भ' की 'म' यातच तो अडकायचा. त्याचं उतरवून होईपर्यंत फळा पुसलेला. पुढे शाळेच्या वेळेला रोज पोट दुखू लागलं, रविवारी मात्र ठणठणीत. सूनबाईने दीड वर्ष वाट पाहिली. आता सकाळी ती शिकवते, दुपारी मी.

मी बस कंडक्टर होतो. बी.एड. वगैरे काही नाही, पण वे-बिलाचा, म्हणजे विकलेल्या तिकिटांच्या नोंदीचा, हिशेब रोज जुळवलाय. नातवाला 'सत्तावीस' सांगितलं की तो ७२ लिहितो, कारण कानावर आधी सात पडतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आलं, तेव्हा नाक्यावर चारचौघांबरोबर मीही खिदळलो होतो. आज तेच रोज वापरतो. सात रुपयांची तीन तिकिटं, पन्नासची नोट, परत किती? 'एकोणतीस' म्हटलं की तो तीस धरून बसतो. 'वीस नऊ' मात्र बिनचूक माझ्या हातावर ठेवतो, सुट्ट्यांसकट.

घोडं पेंड खातं ते कागदापाशी. बोर्डाच्या परीक्षेत अध्ययन अक्षमता, म्हणजे आमच्या नातवासारखी लिहिण्या-वाचण्याची अडचण, असलेल्या मुलांना जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी अशा सवलती आहेत. आम्ही त्याला १४ वर्षं पूर्ण झाली की एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून दहावीला बसवणार आहोत, तरी सवलतीसाठी तिथंही अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतंच. ते काढायला पहाटेची लोकल पकडून मुंबईतल्या एका रुग्णालयात गेलो. खिडकीवर उत्तर मिळालं, "शाळेचं पत्र आणि प्रगतिपुस्तक आणा." शाळा नाही म्हटल्यावर, "मग कुठल्या तरी शाळेत नाव घाला, पत्र घ्या आणि मग नाव काढा." लांब जाऊन जवळचं तिकीट मागणाऱ्यांना मी २८ वर्षं बसमधून उतरवलं. आता या वयात मीच तो उद्योग करायचा?

दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, अध्ययन अक्षमता त्यात आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिकण्याची सोयही आली, पण ती तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांपुरती. आमचं पोर त्यात बसत नाही, आणि बसत नाही हे बरंच आहे. पण म्हणून त्याला 'गळती'त टाकायचं?

माझं मागणं फार नाही. प्रमाणपत्राच्या चाचणीसाठी शाळेच्या पत्राऐवजी पालकांचं लेखी निवेदन आणि विशेष शिक्षकाचा अहवाल चालावा, जोडीला मुलाच्या वह्या पाहाव्यात. आणि सर्वेक्षणाच्या तक्त्यात 'घरी शिकतो' एवढा एक रकाना वाढवावा. वह्या आमच्याकडे १४ आहेत. एक गेल्या पावसाळ्यात भिजली, तीही वाळवून ठेवली आहे.

– एक निवृत्त कंडक्टर, कोपरखैरणे, नवी मुंबई