शेतीच्या तुकड्यांवरील आंबेडकरांचा निबंध ग्रंथालयांतून वाचला जावा

महोदय,

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे मोठे अर्थतज्ज्ञ होते, हे वाक्य जयंतीच्या आणि महापरिनिर्वाण दिनाच्या बहुतेक भाषणांत येते. ग्रंथांची नावे सांगितली जातात आणि विषय पुढे सरकतो. त्या ग्रंथांत नेमके काय म्हटले आहे, कोणत्या मताचे खंडन केले आहे, आज त्यातले काय टिकते आणि काय तपासून घ्यावे लागते, याची चर्चा विद्यापीठांबाहेर क्वचितच होते. ती होऊ शकते, आणि सामान्य वाचकांत फार चांगली होते, हे आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या अभ्यासवर्गात आम्ही पाहत आहोत. म्हणून हे पत्र.

या वर्गासाठी आम्ही निवडलेला मजकूर म्हणजे १९१८ साली ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’मध्ये प्रसिद्ध झालेला ‘स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज’ हा निबंध. आंबेडकर त्याच वर्षी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले होते. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात हा निबंध आहे आणि तो खंड अनेक ग्रंथालयांच्या कपाटांत आहे. वर्गात शेतकरी आहेत, सेवानिवृत्त तलाठी आहेत, विकास सोसायटीचे सचिव आहेत, कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षिका आहेत, आणि माहेरच्या सातबाऱ्यावर अलीकडेच नाव लागलेल्या दोन भगिनीही आहेत. शिक्षिका एक परिच्छेद इंग्रजीतून वाचतात आणि मराठीत सांगतात. मग कोणीतरी लेखकाचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडतो आणि ते सर्वांना पटेपर्यंत कोणी आपले मत द्यायचे नाही, एवढा एकच नियम आम्ही पाळतो. लेखक थोर असला की त्याच्या तोंडी आपलीच मते घालण्याचा मोह होतो. या नियमामुळे त्याला आळा बसतो.

निबंधाचा विषय आपल्या घरातला आहे. वाटण्या होत जातात, जमिनीचे तुकडे पडतात आणि ते तुकडेही विखुरलेले असतात. त्या काळी बडोदा संस्थानाच्या समितीने आणि मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक कीटिंग यांनी यावर उपाय सुचवले होते. विखुरलेले तुकडे एकत्र करावेत, आणि एकत्र झालेली जमीन पुन्हा फुटू नये म्हणून ती एकाच वारसाच्या नावे राहावी, असा कीटिंग यांच्या योजनेचा रोख होता. कुटुंबाचे बऱ्यापैकी भागेल एवढे क्षेत्र म्हणजे किफायतशीर क्षेत्र, ही त्यामागची व्याख्या. आंबेडकरांचा पहिला आक्षेप या व्याख्येवरच आहे. कुटुंबाला किती लागते यावरून शेताचा योग्य आकार ठरत नाही. त्या शेतावर श्रम, अवजारे, जनावरे आणि भांडवल किती आणि कोणत्या प्रमाणात लागते, यावरून तो ठरतो. हे प्रमाण लक्षात घेतले तर त्यांचा निष्कर्ष वाचणाऱ्याला थबकायला लावतो. हाताशी असलेल्या तुटपुंज्या साधनांच्या मानाने हिंदुस्थानातील शेते लहान नसून उलट मोठीच आहेत, आणि म्हणून जमीन वाढवण्यापेक्षा साधने वाढवणे हा उपाय आहे, असे ते म्हणतात.

या एका परिच्छेदावर आमचे तीन रविवार गेले आणि ते सार्थकी लागले असे मी मानतो. पाण्याची सोय नसलेली चार एकर जिरायत आणि विहीर व ठिबक असलेले एक एकर यांचा हिशेब शेतकऱ्यांनी फळ्यावर मांडला. बियाणे, खत, मजुरी, बैलजोडी किंवा ट्रॅक्टरचे भाडे, सोसायटीचे पीककर्ज आणि त्याच्या मर्यादा असे एकेक कलम मांडताना, पुस्तकातले ‘साधनांचे प्रमाण’ म्हणजे आपल्याच खतावणीतला प्रश्न आहे हे सर्वांच्या ध्यानात आले. अर्थशास्त्राचा एवढा काटेकोर युक्तिवाद पदवी नसलेल्या माणसांना झेपणार नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या सकाळी यायला हवे होते.

जमिनीचे तुकडे का पडतात, या प्रश्नाचे आंबेडकरांचे उत्तर त्याहून महत्त्वाचे आहे. दोष वारसा कायद्याचा नाही. पोट भरण्यासाठी जमिनीवाचून दुसरा आधार नाही म्हणून प्रत्येक जण आपला हिस्सा मागतो. शेतीवर रिकामी राहणारी माणसे उद्योगांत गेली तर जमिनीवरचा भार हलका होईल, आणि तसे झाल्याशिवाय केलेले एकत्रीकरण टिकणार नाही. पुढे १९४७ मध्ये मुंबई राज्यात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. त्याखालील योजनांतूनच अनेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, हे आमच्या तलाठीभाऊंनी जुन्या उताऱ्यांसह समजावून सांगितले. तरीही वाटण्या थांबल्या नाहीत. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीधारण, म्हणजे एका खातेदाराकडील कसण्याची जमीन, १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. २०२३ मध्ये तर शासनाने बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडू नये अशी कायद्यातली मर्यादा, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे खाली आणले. वारसाचा हिस्सा कायद्याने रोखता येत नाही, हे १९१८ चे म्हणणे कायद्यानेच अखेर मान्य केले, असे मला वाटते.

एकाच वारसाच्या योजनेवर बोलताना त्या दोन भगिनींपैकी एकीने विचारले की असा नियम असता तर वगळले कोण गेले असते. उत्तर सर्वांना ठाऊक होते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क दिला, आणि हा हक्क म्हणजे ‘आणखी एक तुकडा’ अशी कुरकुर गावोगाव ऐकू येते. ज्यांना तुकड्यांची खरोखर काळजी आहे त्यांनी बहिणीच्या हिश्शाकडे बोट दाखवण्याआधी हा निबंध वाचावा.

तरीही आम्ही तो डोळे मिटून स्वीकारत नाही. माझे स्वतःचे मत असे की उद्योगांविषयीचा त्यांचा भरवसा अर्धाच खरा ठरला. २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील ४६.१ टक्के कामकरी माणसे आजही शेतीतच आहेत. जी मुंबई, पुणे, चाकणच्या वाटेने गेली त्यांची नावे सातबाऱ्यावर कायम आहेत, कारण कारखान्यातील कंत्राटी नोकरीचा भरवसा नसताना हाताशी राहणारी दहा गुंठे जमीन कोणी सोडत नाही. माणूस शेतीतून बाहेर पडला तरी त्याचा हिस्सा बाहेर पडत नाही. उद्योगधंद्यांबरोबर नोकरीची शाश्वती आली असती तर कदाचित वेगळे झाले असते. यावर वर्गात दोन तट आहेत आणि ते राहोत. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात लहान धारणक्षेत्रांच्या विधेयकावर बोलताना आंबेडकरांनी सहकारी शेतीचा पर्याय पुढे ठेवला होता. ते भाषण आम्ही आता हाती घेतले आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे आणि त्याखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालये राज्यात आहेत. त्यांतील अनेकांत वाचनकक्ष स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी भरलेले असतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच जागेत आठवड्यातून दोन तास असा वर्ग भरवायला अनुदान लागत नाही. एक खंड, एक फळा आणि नीट वाचून दाखवणारी एक व्यक्ती पुरते. अडचण आहे ती टिपा आणि आजच्या आकडेवारीसह असलेल्या सुबोध मराठी आवृत्तीची. ती शासनाने स्वस्तात काढावी अशी आमची मागणी आहे. तोवर आपल्या शेतीविषयक पुरवणीत या निबंधातील एकेक परिच्छेद स्पष्टीकरणासह छापता आला तर जिथे शिक्षक मिळणार नाही अशा गावांतही वर्ग सुरू होऊ शकतील. टिपणे तयार करण्याचे काम आमचा वर्ग विनामूल्य करील.

आपला,
एक वाचक